तपासणी कोणती, हे ठरवण्याआधी

ऑक्टोबर उजाडला की शहरातल्या डायग्नोस्टिक सेंटरच्या दारांवर गुलाबी फिती लागतात आणि मॅमोग्राफीवर सवलत जाहीर होते. मग चाळिशीच्या आसपासच्या बायका एकमेकींना विचारू लागतात, ‘तू करून घेतलीस का? मी करू का?’ प्रश्न अगदी योग्य आहे, पण त्याचं उत्तर सगळ्यांना सारखं नाही. आईला ऐन चाळिशीत स्तनाचा कॅन्सर झालेली बत्तीस वर्षांची मुलगी आणि घराण्यात कुणालाच काही नसलेली पंचावन्न वर्षांची तिची शेजारीण, या दोघींनी एकच पॅकेज घेतलं तर मुलीला ते अपुरं पडेल आणि शेजारणीच्या यादीत नको त्या चार चाचण्या येतील. कोणती तपासणी, कोणत्या वयापासून आणि किती वर्षांनी, हे आपला धोका किती आहे यावर ठरतं. तो अंदाज घ्यायला कागद-पेन आणि घरातल्या जाणत्या माणसांशी तासभर बोलणं पुरतं. पैसे लागत नाहीत. आणि नेमकं तेच राहून जातं.

त्याच्याही आधी एक गोष्ट स्पष्ट करते. स्क्रीनिंग म्हणजे कोणतीही तक्रार नसलेल्या बाईची तपासणी. जिच्या हाताला गाठ लागली आहे, तिच्यासाठी हा विषयच नाही. तिने सवलतीची वाट पाहू नये, पुढच्या शिबिराची तर मुळीच नाही. याच आठवड्यात सर्जनला दाखवावं. स्तनात किंवा काखेत गाठ, एखाद्या जागची त्वचा आत ओढली जाणं किंवा जाड होऊन तिच्यावर बारीक खड्डे दिसणं, बोंड नव्याने आत वळणं, न दाबता बोंडातून रक्त किंवा पाणी येणं, बोंडावरचा इसबासारखा चट्टा मलम लावूनही बरा न होणं, एका स्तनाचा आकार बदलणं, यांतलं काहीही दिसलं तर हाच नियम. ‘दुखत नाही ना, मग जाईल आपोआप’ या वाक्याने आपल्याकडे फार नुकसान केलं आहे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. उलट पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना ठणकतं आणि पाळी आली की ओसरतं, ते दुखणं बहुधा हॉर्मोनचं असतं. दुखणाऱ्या गोष्टीसाठी धावत जायचं आणि न दुखणारी अंगावर काढायची, हे उलटं चाललं आहे.

अंगावर पाजणाऱ्या आयांबद्दल वेगळं लिहायला हवं. त्यांची गाठ घरातली थोरली माणसं ‘दूध साकळलं असेल’ म्हणून बाजूला सारतात. बहुतेकदा ते खरंही असतं. पण शेकून, पाजून, दूध काढूनही दोन आठवड्यांत गाठ गेली नाही, तर सोनोग्राफी करायलाच हवी. बाळाचं दूध त्यासाठी तोडावं लागत नाही.

गाठ म्हणजे कॅन्सर, असंही नाही. विशी-तिशीतल्या बहुतांश गाठी फायब्रोअॅडिनोमाच्या किंवा पाण्याच्या असतात आणि त्या निरुपद्रवी असतात. मात्र ते सोनोग्राफीने आणि गरज पडल्यास सुईने ठरवायचं असतं. डॉक्टरांनी नुसता हात लावून ‘काही नाही’ म्हणणं पुरेसं नाही.

धोक्याचा कागद

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. म्हणजे वर्षभरात दोन नवीन रुग्णांमागे एक मृत्यू. लवकर लक्षात आलेला हा आजार बहुतांशी बरा होतो, त्यामुळे हे प्रमाण आपण किती उशिरा पोहोचतो ते सांगतं. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे निदानाचं वय साधारण दशकभर अलीकडे आहे. याचं एक कारण आपल्या लोकसंख्येत तरुण बायकाच जास्त आहेत हेही आहे. पण चाळिशीतली बाई ‘हा म्हातारपणाचा आजार’ म्हणून निर्धास्त राहू शकत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

महाराष्ट्राला या बाबतीत एक जुना आरसा उपलब्ध आहे. मुंबईत १९६३ पासून इंडियन कॅन्सर सोसायटीची कॅन्सर नोंदणी चालते आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवले की मुंबईत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण बार्शीच्या गावांपेक्षा कितीतरी जास्त दिसतं. मुंबईच्याच नोंदणीत पारशी स्त्रियांमध्ये ते इतर समाजांपेक्षा अधिक असल्याचं फार पूर्वी लक्षात आलं होतं. उशिरा लग्न, एखादंच मूल किंवा मूल नाही, कमी काळ स्तनपान, वाढलेलं वजन, दीर्घायुष्य, अशा अनेक गोष्टी यामागे आहेत. शहरी जगण्याची ही घडी आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे, त्यामुळे ‘खेड्यात हे होत नाही’ या समजुतीवर विसंबू नये.

आता स्वतःचा हिशोब. पहिली गोष्ट वय. स्त्री असणं आणि वय वाढणं, हीच या आजाराची दोन सर्वांत मोठी कारणं. दुसरी, हॉर्मोनचा काळ: पाळी बाराव्या वर्षाआधी सुरू झाली, पंचावन्नच्या पुढे गेली, पहिलं मूल तिशीनंतर झालं किंवा झालंच नाही, तर धोका थोडा वाढतो, स्तनपानाने थोडा कमी होतो. पाळी गेल्यावर वाढलेलं वजन, दारू आणि रजोनिवृत्तीनंतर वर्षानुवर्षं घेतलेल्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या हेही थोडं थोडं भर घालतात. यांतलं एखादं लागू पडलं म्हणून घाबरून जाऊ नये. मूल उशिरा झालं म्हणून कॅन्सर झाला, असं कुठल्याही एका बाईबद्दल म्हणता येत नाही, आणि तिला तसं ऐकवणं हा तर क्रूरपणा आहे. काळी ब्रा घातल्याने, डिओडरंट लावल्याने किंवा छातीला मार लागल्याने हा कॅन्सर होत नाही.

याहून वजनदार कारणं वेगळी आहेत. पूर्वी स्तनाची बायोप्सी झाली असेल तर तिचा रिपोर्ट शोधून काढा आणि त्यात ‘अॅटिपिकल हायपरप्लेझिया’ किंवा ‘लोब्युलर कार्सिनोमा इन सिटू’ असे शब्द आहेत का ते पाहा. त्या वेळी ‘कॅन्सर नाही’ एवढंच सांगून फाइल बंद झाली असेल, पण हे शब्द असतील तर धोका सर्वसाधारण बाईच्या कितीतरी पट असतो. तिसाव्या वर्षाआधी छातीवर रेडिएशन घेतलं असेल, उदाहरणार्थ हॉजकिन्स लिम्फोमासाठी, तर धोका फारच वाढतो. ज्यांच्यावर लहानपणी असे उपचार झाले त्यांना पुष्कळदा हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि मग घराणं. एक कोरा कागद घ्या. मधोमध स्वतःला ठेवा. वर आई आणि बाबा. आईच्या बाजूला आजी, आजोबा, मावश्या, मामा. बाबांच्या बाजूला आजी, आजोबा, आत्या, काका. शेजारी बहिणी, भाऊ, चुलत, मावस, आते, मामे भावंडं, खाली मुलं. ज्याला ज्याला कॅन्सर झाला त्याच्यापुढे कोणता, कोणत्या वयात आणि एका बाजूला की दोन्ही, ते लिहा. इथे बहुतेकजणी बाबांची बाजू सोडून देतात, कारण ‘हा बायकांचा आजार आईकडून येतो’ असा समज आहे. तो चुकीचा आहे. दोष असलेलं जनुक बापाकडूनही तितकंच येतं. आत्या आणि बाबांची आई मावशीइतक्याच महत्त्वाच्या. सासरच्या माणसांचा तुमच्या स्वतःच्या धोक्याशी संबंध नाही, पण तुमच्या मुलीच्या कागदावर तुमची नणंद आणि सासू याव्याच लागतील.

हा कागद भरताना खरी अडचण माहितीची येते. आपल्या घरांतून कॅन्सर हा शब्द उच्चारला जात नसे. ‘तिला पोटात पाणी झालं होतं’, ‘बाळंतपणानंतर खंगत गेली’, ‘मुंबईला टाटात नेलं होतं, परत आली नाही’ अशी वाक्यं हाती लागतात. पोटात पाणी भरून पन्नाशीच्या आत गेलेली मावशी कदाचित बीजाशयाच्या कॅन्सरने गेली असेल, आणि ते कळणं फार मोलाचं आहे, कारण स्तन आणि बीजाशय यांचा कॅन्सर एकाच जनुकाच्या दोषातून होऊ शकतो. म्हणून घाईने निष्कर्ष न काढता त्या घरातली जुनी फाइल, मृत्यूचा दाखला, डिस्चार्ज कार्ड कुणी जपून ठेवलं आहे का ते विचारा. विचारायची वेळ निवडा. लग्नाच्या मांडवात हा विषय निघत नाही, दुपारच्या निवांतपणी आत्याशेजारी बसून निघतो.

कागदावर काय दिसलं तर सावध व्हायचं? पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झालेली जवळची नातेवाईक, एकाच बाजूच्या दोन-तीनजणी, दोन्ही स्तनांत कॅन्सर, कोणत्याही वयातला बीजाशयाचा कॅन्सर, ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकार, किंवा एखाद्या पुरुषाला झालेला स्तनाचा कॅन्सर. (पुरुषांना तो क्वचित होतो, पण होतो.) यांतलं काही असेल तर जेनेटिक समुपदेशन घ्या. आई किंवा बहीण यांपैकी एकीलाच, आणि साठीनंतर झाला असेल, तर तुमचा धोका साधारण दुपटीच्या आसपास धरतात. पण ते जनुकाच्या दोषाचं लक्षण असेलच असं नाही.

आणि कागद पूर्ण कोरा राहिला तर? आनंद आहे, पण सूट नाही. जनुकातल्या ठळक दोषामुळे होणारे कॅन्सर शंभरात पाच ते दहा; स्तनाचा कॅन्सर झालेल्या बहुसंख्य बायकांच्या घरात आधी कुणालाच तो झालेला नसतो.

इंटरनेटवर धोका मोजणारी गणितंही मिळतात. गेल मॉडेल आणि टायरर-क्युझिक ही त्यांतली प्रसिद्ध नावं. ती पाश्चात्त्य स्त्रियांच्या माहितीवर बेतलेली आहेत आणि गेल मॉडेल तर लांबच्या नात्यांचा आणि वडिलांच्या बाजूचा विचारच करत नाही. त्यातून निघणारी टक्केवारी डॉक्टरांशी बोलताना सोबत ठेवायला हरकत नाही, पण रात्री एकटीने मोबाइलवर आकडा काढून झोप घालवून घेऊ नका.

कुणाला काय

सर्वांत साधी गोष्ट म्हणजे स्वतःच्या स्तनांची ओळख असणं. चीनमधल्या शांघायच्या कापड कारखान्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर १९८९ पासून एक मोठा अभ्यास झाला. निम्म्या जणींना स्तनांची स्व-तपासणी पद्धतशीर शिकवली. २००२ मध्ये अखेरचे निष्कर्ष आले तेव्हा मृत्यूंत फरक नव्हता. शिकवलेल्या गटात साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या होत्या. म्हणून दर महिन्याला धडधडत्या छातीने गाठ शोधत बसण्याचा आग्रह आता कमी झाला आहे. पाळी संपल्यावर आंघोळीच्या वेळी, आरशापुढे हात वर करून, आपले स्तन नेहमी कसे दिसतात आणि हाताला कसे लागतात हे माहीत असावं, म्हणजे बदल लगेच लक्षात येतो. एवढं पुरे.

दुसरी पायरी, प्रशिक्षित हाताने केलेली तपासणी. हिच्याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण हिला आपल्याकडे कमी लेखलं जातं आणि तिचा सर्वांत मोठा पुरावा मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून आलेला आहे. १९९८ मध्ये टाटा मेमोरियलने ३५ ते ६४ वयोगटातल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित स्त्री आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, हाताने स्तन तपासले. उरलेल्या वस्त्यांत कॅन्सरची माहिती दिली. या सेविका डॉक्टर नव्हत्या. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या कॅन्सरचं प्रमाण ३७ टक्के होतं, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, आणि सर्व वयांचा मिळून दिसलेला १५ टक्क्यांचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, हेही सांगायला हवं. तरीसुद्धा, ना यंत्र ना वीज, फक्त शिकवलेल्या हातांनी पन्नाशीपुढच्या बायकांचे जीव वाचवले, ही आपल्या राज्यातली फार मोठी गोष्ट आहे.

ही तपासणी नीट झाली की नाही ते कसं ओळखाल? आधी बसवून, हात कमरेवर आणि मग डोक्यावर ठेवायला सांगून नुसतं पाहतात. मग आडवं झोपवून त्या बाजूचा हात डोक्याखाली घ्यायला लावतात. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, चिमटीत न धरता, गळपट्टीच्या हाडापासून खाली आणि छातीच्या मध्यापासून काखेपर्यंत इंच-इंच जागा हलक्या, मध्यम आणि जोरकस दाबाने चाचपतात. शेवटी काख आणि गळपट्टीच्या वरची खळगी. याला काही मिनिटं लागतात. कपड्यांवरून दहा सेकंदांत उरकलेली तपासणी ही तपासणी नव्हे.

सरकारी कार्यक्रमानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची स्तन, तोंड आणि गर्भाशयमुख यांची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायची आहे. आशाताई घरी येऊन एक तक्ता भरतात, त्यात गाठ आणि स्राव यांबद्दलचे प्रश्न असतात. त्यांना ‘सगळं ठीक’ म्हणून दारातून परत पाठवू नका. आरोग्यवर्धिनी केंद्रात ही तपासणी मोफत आहे. स्त्री कर्मचारीच करेल का, हे आधी विचारून घेता येतं.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा खास एक्स-रे. हाताला लागण्याआधीचा कॅन्सर, चुनखडीच्या बारीक कणांच्या रूपातला, दाखवण्याची ताकद तिच्यात आहे. चाळिशीच्या आत सर्वसाधारण धोका असलेल्या बाईला तिचा उपयोग नाही. चाळीस ते एकोणपन्नास हा वादाचा टप्पा आहे: अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये चाळीस ते चौऱ्याहत्तर वयात दर दोन वर्षांनी करण्याची शिफारस केली, तर ब्रिटनमध्ये पन्नास ते एकाहत्तर या वयात दर तीन वर्षांनी बोलावतात. भारतात सरकारी पातळीवर सरसकट मॅमोग्राफीचा कार्यक्रम नाही. माझं मत विचाराल तर पन्नाशीनंतर सत्तरीपर्यंत, परवडत आणि मिळत असेल तर, दर दोन वर्षांनी करावी; चाळिशीत धोक्याचा कागद समोर ठेवून डॉक्टरांशी बोलून ठरवावं; आणि मॅमोग्राफीचं यंत्र जवळपास नसेल तर हाताची तपासणी तरी नेमाने चुकवू नये.

तिची किंमतही माहीत हवी, आणि मी पैशांबद्दल बोलत नाही. ब्रिटनच्या स्वतंत्र समितीने २०१२ मध्ये हिशोब मांडला: पन्नासाव्या वर्षापासून वीस वर्षं बोलावलेल्या १० हजार स्त्रियांमागे ४३ मृत्यू टळतात, आणि १२९ जणींमध्ये असा कॅन्सर सापडतो जो आयुष्यभर त्रास न देता तसाच राहिला असता. पण तो सापडल्यावर कुणालाच सांगता येत नाही की हा कोणता, म्हणून त्याही शस्त्रक्रिया, रेडिएशन सोसतात. शिवाय दरवर्षी मॅमोग्राफी करणाऱ्या अमेरिकी स्त्रियांपैकी निम्म्या जणींना दहा वर्षांत एकदा तरी ‘काहीतरी दिसतंय’ म्हणून पुन्हा बोलावतात आणि शेवटी काहीच निघत नाही. हे वाचून मॅमोग्राफी टाळा असं माझं म्हणणं नाही. होकार किंवा नकार दोन्ही समजून द्यावा.

जायचं असेल तर पाळी येत असलेल्या बाईने पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात जावं, तेव्हा स्तन कमी दुखरे असतात. त्या दिवशी काखेत पावडर, डिओडरंट लावू नये. त्यातले कण फोटोत चुनखडीसारखे दिसू शकतात. साडी किंवा दोन भागांचा पोशाख बरा, कारण कमरेवरचे कपडेच उतरवावे लागतात. तंत्रज्ञ बाई एकेक स्तन यंत्राच्या पट्टीवर ठेवते आणि वरून पारदर्शक पट्टी खाली येते. घट्ट दाबलं जातं, काहीजणींना चांगलंच दुखतं; पण तो दाब काही सेकंदांचा असतो आणि तो जितका नीट, तितकं चित्र स्वच्छ. प्रत्येक बाजूचे दोन, असे चार फोटो. ‘दाबल्याने गाठ फुटते’ आणि ‘एक्स-रेने कॅन्सर होतो’ या दोन भीती मनातून काढून टाका. किरणांची मात्रा फार थोडी असते. मागच्या वेळच्या फिल्म किंवा सीडी न विसरता न्या. जुन्याशी तुलना करता आली तर उगाचच्या पुढच्या तपासण्या वाचतात.

रिपोर्टमध्ये स्तनांच्या घनतेचा उल्लेख असतो, ए पासून डी पर्यंत. सी किंवा डी म्हणजे ग्रंथींचं प्रमाण जास्त. अशा स्तनात मॅमोग्राफीने गाठ शोधणं म्हणजे चुन्याच्या भिंतीवर खडूचा ठिपका शोधणं, दोन्ही पांढरं. तरुण स्तन बहुधा असेच असतात. अशा वेळी जोडीला सोनोग्राफी घेतात. नुसती सोनोग्राफी स्क्रीनिंगसाठी पुरत नाही, कारण चुनखडीचे कण तिला नीट दिसत नाहीत. मात्र तिशीच्या आतल्या बाईला गाठ लागली तर पहिली तपासणी सोनोग्राफीच.

एमआरआय ज्यांचा धोका खरोखर जास्त आहे त्यांच्यासाठी. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकात दोष असेल तर आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साठ-सत्तर टक्क्यांच्या घरात जाते. अशा स्त्रियांना पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी सुचवतात. औषधाने धोका कमी करणं, स्तन किंवा बीजाशय काढून टाकणं हेही पर्याय असतात, आणि ते घाईत ठरवायचे नसतात. जनुकात दोष सापडला नाही, पण आईला कमी वयात कॅन्सर झाला आहे, अशा मुलीची तपासणी आईच्या निदानाच्या वयाच्या साधारण दहा वर्षं आधी सुरू करतात.

जनुकांची तपासणी शक्यतो आधी कॅन्सर झालेल्या व्यक्तीची करावी. तिच्यात दोष सापडला तर प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी, आणि मग बाकीच्यांची तपासणी नेमकी त्या एका दोषापुरती करता येते. निरोगी मुलीने आधी केली आणि काही निघालं नाही तर त्या ‘नाही’चा अर्थ लावता येत नाही. कधीकधी रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असं येतं. त्यावरून कोणतीही शस्त्रक्रिया करू नये. म्हणूनच तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशक हवाच. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये यासाठी स्वतंत्र विभाग आहे. मुलीचं लग्न ठरेल की नाही या काळजीने अनेक घरं ही तपासणी टाळतात. ती काळजी मला कळते. पण ज्या दोषावर लक्ष ठेवता येतं तो माहीतच नसणं हे त्या मुलीच्या दृष्टीने जास्त महाग पडतं, आणि रिपोर्ट कुणाला दाखवायचा हा तिचा अधिकार आहे.

दोन गोष्टींवर पैसे घालवू नका. थर्मोग्राफी, म्हणजे स्तनाच्या उष्णतेचा फोटो, ‘दाब नाही, किरण नाहीत’ म्हणून खपवली जाते. ती मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. आणि रक्तातलं सीए १५-३. पॅकेजच्या यादीत ते दिसलं तर खोडा. निरोगी बाईत लवकरचा कॅन्सर शोधायला त्याचा उपयोग नाही. उपचार चालू असलेल्या रुग्णांसाठी ते वापरतात.

रिपोर्ट हातात आल्यावर

मॅमोग्राफीच्या रिपोर्टच्या तळाशी ‘बायरॅड्स’ आणि एक आकडा असतो. ० म्हणजे चित्र अपुरं, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी. अनेकजणी शून्य म्हणजे ‘काही नाही’ समजून घरी बसतात, तसं करू नका. १ आणि २ म्हणजे कॅन्सरची शंका नाही. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, शंका दोन टक्क्यांहून कमी, पण सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं. ४ आणि ५ म्हणजे बायोप्सी. ४ मध्येही शक्यता दोन टक्क्यांपासून पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत पसरलेली असते, त्यामुळे ४ वाचून धीर सोडायचं कारण नाही. आणि मॅमोग्राफी पाचांपैकी साधारण एक कॅन्सर चुकवते. गेल्या महिन्यात १ आला असेल आणि आज गाठ लागली, तर जुन्या रिपोर्टकडे न पाहता डॉक्टरांकडे जा.

बायोप्सी कशी होते याला फार महत्त्व आहे. जागा बधिर करून जाडसर सुईने तुकडा काढतात, त्याला कोअर बायोप्सी म्हणतात. त्यातून कॅन्सर आहे का आणि असल्यास कोणत्या प्रकारचा, म्हणजे हॉर्मोन आणि हर-टू यांच्याशी त्याचं नातं काय, हे कळतं आणि सगळे उपचार त्यावर ठरतात. ‘सुई लावली की पसरतो’ हे खरं नाही. खरं नुकसान होतं ते वेगळ्या ठिकाणी: ‘छोटी गाठ आहे, काढून टाकू’ म्हणून आधी तपास न करता गाठ कापली जाते आणि नंतर कळतं की कॅन्सर होता. मग पुन्हा शस्त्रक्रिया, आणि स्तन वाचवण्याची संधी बऱ्याचदा गेलेली. म्हणून गाठ कापायला होकार देण्याआधी हे तीन प्रश्न विचारा: मॅमोग्राफी-सोनोग्राफी झाली का, सुईची बायोप्सी झाली का, तिचा रिपोर्ट आला का.

निदान झालंच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अंगीकृत रुग्णालयांत कॅन्सरवर उपचार होतात. तिथे आरोग्यमित्राचा कक्ष असतो. बायोप्सीचा रिपोर्ट, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा, आणि योजनेत बसतं की नाही हे कळेपर्यंत कुठेही आगाऊ रक्कम भरू नका.